१९७२ ची एमजीबी: ब्रेक, सस्पेन्शन की स्टिअरिंग, पैसे आधी कशावर घालू?

चिपळूणची_लेक

नमस्कार मंडळी. मी मूळची चिपळूणची. गेली अकरा वर्षं इंग्लंडात डर्बीला राहते, फिजिओथेरपिस्ट आहे. मागच्या ऑक्टोबरात १९७२ ची एमजीबी रोडस्टर घेतली. गडद हिरवा रंग, क्रोमचे बंपर, तारांची चाकं. ज्यांनी ही गाडी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं बनलेली, दोन माणसांची, कापडी टपाची गाडी. इंजिन १७९८ सीसी.

गाडी का घेतली तेही सांगते, म्हणजे 'विकून टाका' हा सल्ला कोणी देणार नाही. आमच्याकडे पद्मिनी होती. बाबा कुंभार्ली घाट उतरताना गाडी दुसऱ्या गिअरात ठेवायचे आणि म्हणायचे, "रस्ता हाताला कळला पाहिजे." त्याच गाडीवर मी शिकले. नंतर इथे दोन नव्या गाड्या झाल्या, पण दोन्हींच्या स्टिअरिंगमधून मला रस्ता कधी कळला नाही. एमजीबी बघायला गेले तेव्हा मॅटलॉकच्या बाहेर एका ओल्या वळणावर पुढची चाकं काय करतायत ते तळहाताला समजलं. त्याच दिवशी पैसे भरले.

आता तक्रारी.

ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढते. थोडी नाही, स्टिअरिंग घट्ट धरावं लागतं इतकी. वीसेक मैल चालवून उतरले की पुढच्या डाव्या चाकाचा मधला भाग हात ठेववत नाही इतका तापलेला असतो आणि उजवा जेमतेम कोमट. पेडल जड आहे. सर्व्हो (पायाचा जोर वाढवणारा भाग) नाहीच.

ताशी ५५ मैलांच्या पुढे गाडी सरळ रस्त्यावरही सरळ जात नाही, सतत बारीक बारीक सावरावी लागते. उलट पार्किंगमध्ये स्टिअरिंग इतकं जड की खांदे भरून येतात. मागच्या मालकाने १८५/७० चे टायर घातलेत. चारही टायरमध्ये मी नव्या गाडीसारखी ३२ पाउंड हवा ठेवते.

निघताना आणि थांबताना मागून एक 'टक्' असा आवाज येतो. दर वेळी एकच.

आणि चौथं, रस्त्यात उंचवटा आला की गाडीचं नाक तीन-तीनदा खालीवर होतं.

एका वर्कशॉपला दाखवली. त्यांनी गाडीखाली पाच मिनिटंही न घालवता यादी दिली: पुढे चार पिस्टनचे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा ब्रेकचा भाग), जुने शॉक (उसळी थोपवणारे) काढून पुढे कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉक एकत्र), मागे टेलिस्कोपिक शॉकचा संच, आणि इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग. सगळे मिळून ५२०० पाउंड. माझ्याकडे या वर्षी २००० आहेत. मला रेस करायची नाही. रविवारी सकाळी बक्स्टनहून मॅकल्सफील्डला जाणारा 'कॅट अँड फिडल'चा रस्ता मनात भीती न ठेवता चढता-उतरता यायला हवा. पाचशे मीटरच्या वर जातो तो आणि पलीकडे वळणं घेत उतरतो. आज मी त्या उतरणीवर पूर्ण वेळ जीव मुठीत धरून असते.

यादीतलं आधी काय करू?

जर्सीचा_मियाटावाला

मी न्यू जर्सीत १९९० ची माझदा मियाटा चालवतो. मी कॉइलओव्हर बसवले आणि गाडी पूर्ण बदलली, वळणात झुकणं जवळजवळ संपलं. ब्रेकचंही केलं. १.६ इंजिनवाल्या मियाटाला पुढे २३५ मिमीच्या डिस्क येतात, नंतर १.८ आल्यावर २५५ च्या झाल्या, त्या ब्रॅकेट लावून जुन्या गाडीवर बसतात. खर्च झाला, पण एकदाही पश्चात्ताप नाही. पैसे टप्प्याटप्प्याने घाला, पण माझं मत विचाराल तर कॉइलओव्हर पहिले.

शाहूपुरी_गॅरेज

पोरी, थांब. अजून एक पेन्सही खर्च करू नकोस.

मी कोल्हापुरात शाहूपुरीत ३४ वर्षं गॅरेज चालवलं. आता मुलगा लेस्टरला असतो म्हणून वर्षातले सहा महिने इथे. त्याच्या शेजाऱ्याकडे एमजीबी जीटी (हीच गाडी, पक्क्या टपाची) आहे, तिच्याखाली मी तीन उन्हाळे काढलेत. बॉनेट पहिल्यांदा उघडलं तेव्हा ओळखीचा माणूस भेटल्यासारखं झालं, कारण आपल्या ॲम्बेसेडरचं जुनं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन याच घराण्यातलं, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं बी-सिरीज.

तू जे लिहिलंस त्यात गाडी कमी पडते असं एकही लक्षण नाही. गाडी झिजली आहे, एवढंच. झिजलेल्या गाडीवर नवे भारी पार्ट चढवले तर झीज तशीच राहते, फक्त ती सापडायला अवघड होते.

ब्रेकपासून धर. डावं चाक तापतं म्हणजे डावा ब्रेक सुटत नाही. कारणं दोन असू शकतात. कॅलिपरचा पिस्टन गंजून अडकलाय, किंवा ब्रेक ऑइल नेणारा रबरी होज आतून फुगलाय. जुना होज बाहेरून चांगला दिसतो, पण आत रबराचा पापुद्रा सुटतो. पायाच्या जोराने ऑइल पुढे ढकललं जातं, परत यायला जागाच नसते. कुठलं कारण ते असं ओळख: गाडी चालवून आण, जॅक लाव, खाली स्टँड दे (नुसत्या जॅकवर कधीही खाली जायचं नाही), आणि चाक हाताने फिरवून बघ. घट्ट असेल तर कॅलिपरचा हवा काढायचा निपल अर्धा आटा सैल कर. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं तर आत दाब अडकला होता. निपल सोडूनही चाक घट्टच राहिलं तर पिस्टन. दाब अडकला असेल तर पुन्हा ब्रेक मारून, या वेळी होजच्या वरचा लोखंडी नळीचा जोड सैल कर. तिथे मोकळं झालं तर दोष वर मास्टर सिलिंडरकडे (पेडल दाबलं की ऑइल ढकलणारा भाग), नाही झालं तर होज. पण तुझं एकच चाक तापतंय, म्हणजे मास्टर सिलिंडर बहुधा नसावा.

होज या गाडीत तीनच. पुढे दोन, मागे एक. तिन्ही एकदम बदल. हे मी हात जोडून सांगतो, कारण १९७२ च्या इंग्लंडातल्या एमजीबीला ब्रेकची लाइन एकच असते. आजच्या गाडीत दोन असतात, एक गेली तरी दुसरी धरते. तुझ्या गाडीत एक होज फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले, मग फक्त हँडब्रेक. चार पिस्टनचा कॅलिपर त्याच जुन्या होजवर बसवून देणाऱ्याला मी मेकॅनिक म्हणणार नाही.

ब्रेक ऑइल कधी बदललंय कोणास ठाऊक. डॉट ४ हवेतलं पाणी ओढतं. ताजं असताना ते किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलं की ही हद्द १५५ पर्यंत खाली येते. लांब उतरणीवर उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल तळाला लागतं. जुनं काढून पूर्ण नवं भर.

आता मागची 'टक्'. सगळे सस्पेन्शनमध्ये शोधत बसतात. तारांची चाकं नटबोल्टवर नसतात, ॲक्सलच्या टोकाच्या दातेरी हबवर बसतात. दाते झिजले की निघताना एकदा आणि थांबताना एकदा चाक हबवर सरकतं आणि टक् वाजतं. मागचं चाक उचल, कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांग, आणि चाक पुढे-मागे हलव. हब जागेवर राहून चाक हललं तर दाते संपले. मग ही गाडी चालवू नकोस. दाते पूर्ण गेले की ना इंजिनची ताकद चाकाला पोचते, ना ब्रेकची. चाक आणि हब जोडीनेच बदलायचे, एक नवं एक जुनं ठेवलं तर नवंही लवकर जातं.

स्टिअरिंगसाठी पुढचं चाक उचलून वर आणि खाली धर, हलव. प्ले (ढिलेपणा) लागला तर पुन्हा कोणाला ब्रेक दाबायला सांगून हलव. प्ले गेला तर बेअरिंग, राहिला तर किंगपिन (चाक ज्याभोवती वळतं ती उभी पिन) किंवा त्याच्या खालचा जोड. बाबांच्या पद्मिनीलाही किंगपिन होते, ग्रीस मारताना तू पाहिलं असशील. या गाडीला दर ३००० मैलांना ग्रीस लागतं, आणि तेही चाकं अधांतरी ठेवून, नाहीतर ग्रीस भार असलेल्या बाजूला पोचतच नाही. पन्नास वर्षांत कोणीतरी कंटाळा केलेला असतोच.

मियाटावाले भाऊ, तुमचं तुमच्या गाडीपुरतं बरोबर असेल. पण एमजीबीचा पुढचा शॉक वेगळा आहे. तो लिव्हरवाला, आणि त्याचा हात हाच वरचा विशबोन (चाक धरणारा आडवा हात). शॉकच्या दांडीचं बुश (आतली बाही) झिजलं की नुसतं उसळणं वाढत नाही, चाकाचं वरचं टोकच सैल होतं. मग गाडी सरळ कशी जाईल? हिचं नाक तीनदा हलतं, म्हणजे शॉकमध्ये ऑइल नाही. वरचं झाकण साफ करून मगच उघड, आत कचरा गेला की संपलं. ऑइल भरून बघ. दांडीपाशी गळत असेल तर रिपेअर केलेली जोडी अदलाबदलीत मिळते.

आधी तपासणी कर आणि काय सापडलं ते इथे लिही.

चिपळूणची_लेक

काका, तुमचं उत्तर मी प्रिंट काढून गॅरेजच्या भिंतीवर लावलंय. शनिवारी शेजारणीला पेडलवर बसवते. माझ्याकडे फक्त मिलिमीटरचे पाने आहेत, ते चालतील का? आणि टायर-पॉवर स्टिअरिंगबद्दल कोणी सांगेल का?

शाहूपुरी_गॅरेज

नाही चालणार. इंचाचे घे. अर्धा इंच आणि नऊ-सोळांश हे दोन जास्त लागतील. मिलिमीटरचा जवळपासचा पाना लावलास तर बोल्टचे कोपरे जातील.

चाकण_टेस्टट्रॅक

मी चाकणला सस्पेन्शनच्या चाचण्यांचं काम करतो, आजच्या गाड्यांच्या. एमजीबी मी चालवलेली नाही, पण टायर आणि भूमिती सगळ्यांना सारखीच लागू.

टायरच्या बाजूवर चार आकडे बघा. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३०९ असेल तर २००९ चा तेविसावा आठवडा. जुन्या छंदाच्या गाड्यांचे टायर झिजत नाहीत, ते वाळतात. नक्षी नव्यासारखी खोल आणि रबर लाकडासारखं. अशा टायरवर जगातला कुठलाही कॅलिपर काही करू शकत नाही, कारण गाडी शेवटी रबराच्या चार तळहाताएवढ्या तुकड्यांवर थांबते. टनाच्या आसपासच्या गाडीला पुढे २७३ मिमीची डिस्क म्हणजे कमी नाही. तुमचे मूळ ब्रेक नीट असताना चाक जाम करू शकत असतील, तर त्यापुढे थांबायचं अंतर टायर ठरवतो. मोठे कॅलिपर उपयोगी पडतात ते उष्णतेसाठी, ट्रॅकवर पाठोपाठ वीस वेळा ब्रेक मारताना. आणि फक्त पुढचे बदलले तर पुढे-मागे वाटणी बिघडते, पेडलचा प्रवासही बदलतो.

मूळ माप १६५/८०, चौदा इंची. १८५/७० चा व्यास जवळपास तेवढाच, फरक पाच मिलिमीटरचा, म्हणून लोक बिनधास्त घालतात. पण रुंद टायर जागेवर वळवायला जड जातो आणि रस्त्यातल्या चरांच्या मागे धावतो. तुमच्या दोन्ही तक्रारी यात आल्या. हँडबुकात हवा पुढे २१ आणि मागे २४ पाउंड आहे. ३२ वर ही हलकी गाडी रस्त्यावर टिकणार नाही, उडत राहील. पुढे कमी आणि मागे जास्त हा फरकही मुद्दाम ठेवलेला आहे, तो पुसू नका.

पॉवर स्टिअरिंगला माझा विरोध नाही. खांद्याचा त्रास असलेल्या माणसासाठी ते वरदानच आहे. पण एमजीबीचा कॅस्टर (किंगपिन मागे किती कललेला आहे तो कोन) सात अंशांचा आहे, बराच जास्त. म्हणूनच स्टिअरिंग आपणहून सरळ होतं, म्हणूनच हाताला रस्ता कळतो, आणि म्हणूनच उभ्या गाडीत ते जड लागतं. तुम्हाला जे आवडलं आणि जे आवडत नाही ते एकाच कारणाने आहे. मोटर आधी बसवलीत तर किंगपिनचा अडकलेपणा ती झाकून टाकेल आणि तुम्हाला कधी कळणारच नाही. पार्किंगमध्ये गाडी किंचित सरकत असतानाच चाक वळवा, उभ्या उभ्या नको.

झुकणं कमी करायचं असेल तर सगळं झाल्यावर, शेवटी, पुढचा अँटी-रोल बार (वळणात झुकणं रोखणारी आडवी दांडी) थोडा जाड घ्या. थोडाच. बारचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. १६ मिमीच्या जागी १९ आला की तो दुप्पट ताठ. मागे स्प्रिंगच्या पाट्यांवर बसलेला सरळ ॲक्सल आहे, पुढे फार ताठ केलं तर ओल्यात नाक बाहेर जाईल.

खालच्या विशबोनची बुशं बघा. मूळची दोन तुकड्यांची रबरी असतात. एमजीबीच्या व्ही८ मॉडेलची एकसंध बुशं त्याच जागी बसतात, स्वस्त आहेत, टिकतात. ही सुधारणा मी डोळे मिटून करेन. फक्त बोल्ट आवळायचे ते गाडी चाकांवर उभी करून. हवेत लटकत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि फाटतं.

मिडलंडकर

एक कागदोपत्री गोष्ट. मे २०१८ पासून इथे चाळीस वर्षांवरच्या गाडीला दर वर्षीची एमओटी तपासणी सक्तीची नाही, पण ते गाडीत मोठे बदल केलेले नसतील तरच. सस्पेन्शनचा किंवा स्टिअरिंगचा प्रकारच बदलणं त्या यादीत येऊ शकतं. सुरक्षेसाठी केलेल्या बदलांना सूट आहे, तरी आधी नियम वाचा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. आणि सक्ती नसली तरी दर वर्षी एमओटी करून घ्या. मी करतो. रोलरवर चारही चाकांच्या ब्रेकचे आकडे वेगवेगळे मिळतात, ते घरी कळत नाहीत.

चिपळूणची_लेक

सात आठवड्यांनी लिहितेय, माफ करा. सगळं क्रमाने सांगते.

डाव्या चाकाचा निपल सोडला आणि चाक लगेच फिरायला लागलं. मग वरचा जोड सोडून पाहिला, तिथे नाही सुटलं. होज. काढल्यावर मी तो सुरीने उभा चिरला. आतली वाट आगपेटीच्या काडीएवढीही राहिली नव्हती. बाहेरून एक चीर नाही! बराच वेळ तो हातात घेऊन बसले होते. याच्यावर मी डिसेंबरात कॅट अँड फिडल उतरले होते.

तिन्ही होज, पॅड आणि ब्रेक ऑइल, मिळून १०४ पाउंड. हवा काढायला शेजारीण पेडलवर होती, "दाब" आणि "सोड" हे दोन मराठी शब्द तिला आता पक्के येतात.

मागची दोन्ही चाकं हबवर हलत होती. उजव्याचे दाते बोटाला धारदार लागले, करवतीसारखे. त्याच दिवशी गाडी उभी केली. दोन चाकं, दोन हब, ५७० पाउंड. हे काम बेकवेलजवळ एका म्हाताऱ्या गृहस्थांकडून करून घेतलं. दोन्ही हबचे दाते त्यांनी मला समोर उभं करून, नवा आणि जुना शेजारी ठेवून दाखवले.

किंगपिन उजवीकडे ठीक, डावीकडे प्ले. ब्रेक दाबूनही गेला नाही. जोडीने बदलले, अदलाबदलीत, २९०. खालच्या विशबोनला व्ही८ ची बुशं, २४. पुढच्या शॉकपैकी एकात ऑइल नावालाच होतं आणि दांडीपाशी ओल होती, म्हणून ती जोडीही बदलली, १६०. टायरवर आकडे निघाले ३१०८. चारही गेले. १६५/८० चे नवे आणि ट्यूब, ३६०. शेवटी व्हील अलाइनमेंट, ४०. एकूण १५४८ पाउंड. हवा २१ आणि २४.

गेल्या रविवारी सकाळी सहाला निघाले. बक्स्टनपर्यंत धुकं होतं. वर पोचल्यावर थांबले, चारही चाकांना हात लावून पाहिला. मग उतरले, बाबांसारखी खालच्या गिअरात. पहिल्या मोठ्या वळणाआधी ब्रेक दाबला आणि सवयीने स्टिअरिंग घट्ट धरलं, पण ओढ आलीच नाही. मॅकल्सफील्डला पोचून पुन्हा हात लावले. पुढची दोन्ही चाकं सारखीच गरम.

पार्किंगमध्ये जड आहे अजून, पण पहिल्यासारखं नाही. पॉवर स्टिअरिंग नको. कॅलिपरही नकोत. सर्व्होचा मात्र विचार करतेय, आईला शेजारी बसवून न्यायचं आहे आणि पाय लवकर थकतो. ४५२ पाउंड उरलेत.

काका, दोन प्रश्न. सर्व्हो बसवल्यावर पेडलचा तो थेट स्पर्श जाईल का? आणि मागच्या पाट्यांमध्ये ग्रीस मारायचं की नाही, इथे दोघांनी दोन उलट गोष्टी सांगितल्या.

शाहूपुरी_गॅरेज

पाट्यांना ग्रीस मारू नकोस. धूळ धरतं आणि पाटे घासून खातात. ब्रशने साफ कर, गंज काढ, बस्स. टोकांची बुशं आणि यू-बोल्ट तपास, शंभर मैलांनी पुन्हा आवळ.

सर्व्होने पाय हलका होईल, थांबायचं अंतर तेच राहील. स्पर्श थोडा बदलतो. आईसाठी बसवतेयस तर बसव, पण आधी एकदा सर्व्हो असलेली गाडी चालवून बघ. शेजाऱ्याच्या जीटीला आहे. पुढच्या शनिवारी लेस्टरला ये, मी त्याला विचारून ठेवतो. येताना तो चिरलेला होज घेऊन ये, मला बघायचाय.